तिसरं फाटक

१९७६ चा डिसेंबर, अॅडलेडकडचा, म्हणजे कडक उन्हाचा. उजव्या हाताच्या तर्जनीवर आलेला फोड... वाटाण्याएवढा, आत पाणी धरलेला, स्टिअरिंगला टेकला की चुरचुरणारा. सकाळी एका फाटकाची साखळी धरताना तो आला. लोखंड उन्हात इतकं तापलेलं की बोट भाजलं, पण कडी हातातून सुटली नाही, एवढं नोलाला आठवत होतं. कुठल्या फाटकाची साखळी, ते मात्र आठवत नव्हतं. सगळी फाटकं सारखी, सगळ्या साखळ्या गंजलेल्या, प्रत्येकाच्या खांबाला कडी अडकवायला एकेक वाकवलेला खिळा.

ती नोला म्हणजे मीच. पण आता तिच्याकडे बघते तेव्हा ती मला धाकट्या बहिणीसारखी वाटते, म्हणून 'ती' म्हणते.

मर्व केसेलची टपालाची फेरी, म्हणजे शेतोशेती पत्रं, खोकी आणि पाव पोचवणं, वर्षभर एका गाडीवर भागायची. डिसेंबरात मात्र बुलारा गावच्या टपाल कचेरीत खोक्यांचा डोंगर व्हायचा. केक, खेळणी, ट्रॅक्टरचे सुटे भाग, दूरच्या मावश्यांनी पाठवलेले विणलेले स्वेटर, तेही भर उन्हाळ्यात. तेव्हा मर्व शेडमधली जुनी व्हॅन बाहेर काढायचा आणि नाताळापुरता एक ड्रायव्हर ठेवायचा. त्या वर्षी त्याने नोलाला ठेवलं. गावात बोलणं झालंच. शहरातली बाई. नवरा सोडून आलेली. मर्व म्हणाला होता, "नाताळापर्यंत टिकलीस तर पुढचं बोलू."

पहिल्या दिवशी तो शेजारी बसून आला होता. "गाडी ठोकलीस तरी चालेल पोरी, गाडी माझी आहे. पाव चिरडलेस तरी चालेल, लोक चिरडलेले खातात. पण फाटक उघडं दिसलं तर उघडं ठेवायचं, बंद दिसलं तर बंद. आपण शहाणपणा करायचा नाही. विल्फ क्रूगरच्या मेंढ्या तिसऱ्या फाटकाच्या या बाजूला चरतात आणि पाण्याची डोणी पलीकडे आहे. समजलं?"

"समजलं."

"सगळे म्हणतात समजलं."

आणि आज दुसरा दिवस, एकटीचा पहिला. विल्फ क्रूगरच्या कुरणातून बाहेर पडून बरंच अंतर गेल्यावर, काहीही कारण नसताना, तिला तिसरं फाटक दिसलं. डोळ्यांसमोर, काचेवर काढल्यासारखं. बंद. मग लगेच तेच फाटक उघडं, कुंपणाला टेकवून ठेवलेलं. दोन्ही चित्रं सारखीच स्पष्ट. एकात तिचा हात साखळी अडकवतोय, दुसऱ्यात ती नुसती गाडी पुढे काढतेय आणि पाव घसरू नयेत म्हणून मागे बघतेय.

तिसरं फाटक उघडं होतं का? होतं. काल होतं. आज? आजही असेल. मग आपण ते लावलं का? लहानपणापासून कानात बसलेलं... दार लावून घे गं, फाटक लावून ये गं, कुत्रं बाहेर जाईल... शहरातल्या माणसाचा हात मागचं फाटक लावतोच. विचारायला थांबत नाही.

बाहेर वाळवंटाकडून येणारा उत्तरेचा वारा भट्टीच्या तोंडासारखा वाहत होता. अशा उन्हात मेंढी पाण्याविना किती वेळ काढते, हे तिला माहीत नव्हतं. माहीत नसल्यामुळे ती सारखी वेगवेगळं ठरवत होती. संध्याकाळपर्यंत. दुपारपर्यंत. आत्ताच त्या कुंपणाला डोकी टेकवून उभ्या असतील, पलीकडचं पाणी हुंगत.

रेक्स, तिचा नवरा, असाच विचारायचा. अॅडलेडमध्ये, आगगाडी पकडायला निघाल्यावर, अगदी कोपऱ्यावर पोचल्यावर, हळू आवाजात. "इस्त्री बंद केलीस?" केलेली असायची. म्हणजे, वाटायचं केलेली आहे. मग तोच म्हणायचा, थांब, मी बघून येतो. आणि परत येऊन, घाम पुसत, हसून, "चालू होती. मी होतो म्हणून." किती वेळा! पुढेपुढे ती इस्त्रीची पिन काढून बॅगेत टाकायची, आणि तरी कोपऱ्यावर पोचल्यावर पिन कुठल्या इस्त्रीची, असा प्रश्न पडायचा. ती घर सोडून निघाली तेव्हा त्याने दारातून सांगितलं, "जा. येशील परत. तुला तुझ्याच हातांचा भरवसा नाही, नोला." रागावून नाही. प्रेमाने. तेच जास्त लागलं.

म्हणजे आज जर मेंढ्या मेल्या, तर रेक्स खरा. एवढंच. नोकरी जाईल ती जाईल, पण बॅग उचलून त्याच कोपऱ्यावर परत उभं राहावं लागेल.

वाटेत दोन ठिकाणी टपाल टाकलं. खांबावर आडवं बांधलेलं तेलाचं पिंप हीच टपालपेटी, त्यात पाव, पत्रं, दोरी बांधलेलं खोकं. कुणी भेटलं नाही. तिसऱ्या ठिकाणी जॉइस पेन्हॅल स्वतः फाटकाशी उभी होती, डोक्यावर ओला टॉवेल.

"वेळेवर आलीस की! मर्व तर नेहमी उशिरा येतो आणि वर केक खाऊन जातो. चल, चहा टाकलाय."

"तुमचा फोन वापरला तर चालेल का?"

जॉइसने तिच्याकडे नीट पाहिलं. "चालेल. पण आमची लाइन म्हणजे गावचा चव्हाटा आहे गं. एकाची घंटा वाजली की सातांच्या घरी वाजते. जे बोलायचं ते देवळात बोलावं तसं बोल."

नोला फोनपुढे उभी राहिली. काय बोलायचं? 'मिस्टर क्रूगर, मी तुमचं फाटक लावलं असेल'? 'असेल' म्हणणाऱ्या ड्रायव्हरला कोण ठेवतं? गप्प बसलं तर कुणाला कळणार नाही... निदान आज. तिने फोडावर अंगठा दाबला. खरी कळ आली. मग हँडल फिरवलं, जॉइसने सांगितलेली विल्फच्या घरच्या घंटेची खूण, एक लांब आणि दोन आखूड.

घंटा वाजत राहिली. मग खटकन कुणीतरी उचलला.

"विल्फ घरी नाही हो," एक करकरीत आवाज म्हणाला. "कोण बोलतंय?"

"बेरिल, तू ठेव फोन!" जॉइस मागून ओरडली.

"ठेवते, ठेवते. पण विल्फ नाहीये, मग बाईने उगाच घंटा का वाजवत बसायचं? ही मर्वची नवी बाई ना? काय झालं गं?"

"तिसरं फाटक," नोला म्हणाली. "मी ते लावलं की काय, मला आठवत नाही."

लाइनवर आणखी एक बारीक खट्ट झालं, आणि कुणाचा तरी श्वास, बेरिलचा नव्हे, जाड, सावकाश.

"अगं बाई," बेरिल म्हणाली. "आज? या उन्हात?"

"मी परत जातेय बघायला."

"जा, जा. पण माझ्या बहिणीने धाडलेला केक आहे ना तुझ्या गाडीत? त्याच्यावर आयसिंग असतं, हो!"

जॉइसने केक उतरवून घेतला, आपल्या फ्रिजमध्ये ठेवला, आणि चहाऐवजी प्यायच्या पाण्याची कॅनव्हासची पिशवी गाडीच्या पुढे बांधून दिली. "हळू चालव," एवढंच म्हणाली. ती घरात पोचायच्या आधी तिच्या फोनची घंटा वाजायला लागली होती. आता सगळ्यांना कळलं. दूरच्या टोकापर्यंत लोक खोक्यांची वाट बघत बसतील आणि एकमेकांना सांगतील... ती मर्वची बाई, शहरातली, हिला फाटक कळत नाही.

परतीचा रस्ता लांबला, जसे असे रस्ते लांबतात. दूर कावळे दिसले की तिचा पाय अॅक्सिलरेटरवर आपोआप दाबला जाई आणि मग उचलला जाई... बघायची घाई, न बघायचीही तेवढीच. पाचवं फाटक बंद. चौथं बंद. प्रत्येक वेळी उतरायचं, उघडायचं, गाडी काढायची, लावायचं. आणि प्रत्येक वेळी ती मोठ्याने म्हणत होती, "बंद होतं, बंद केलं," वेड लागल्यासारखी, एकटीच.

मग वळण, आणि तिसरं फाटक.

उघडं होतं. कुंपणाला टेकलेलं, साखळी लोंबतेय. मेंढ्या पाण्याच्या बाजूला पवनचक्कीच्या टाकीच्या सावलीत एकीवर एक दाटलेल्या, तोंडं ओली, डोणीभोवती चिखल. ती खाली वाकून माती बघू लागली... चाकांच्या खुणा, बुटांच्या, काहीही. वाऱ्याने सगळं सारवून ठेवलं होतं.

डोणीपाशी विल्फ क्रूगर बसला होता, उंच, वाळलेला म्हातारा, पाण्यावरचं शेवाळ हाताने काढत.

"मिस्टर क्रूगर," ती म्हणाली, "हे फाटक सकाळपासून उघडंच होतं का?"

त्याने फाटकाकडे असं बघितलं, जणू कुणी ते नुकतंच आणून ठेवलंय. "आत्ता तर उघडं आहे."

"नाही, मी... मी गेल्यावर?"

"मी कुठे तुझ्या मागे होतो?" त्याने शेवाळ झटकलं. "टपाल तर टाकून गेलीस मघाशी. परत कशाला आलीस?"

"बघायला."

"मग बघितलंस." तो उठला. गुडघे वाजले. "पाणी पी. आणि निघ, पोरी. तो केक पोचला नाही तर बेरिल आम्हाला नाताळभर झोपू देणार नाही."

ती गाडीत बसली. केकचं याला कसं ठाऊक? दर वर्षीच बेरिलचा केक येतो, सगळ्यांना ठाऊक असतं. की फोनवरचा तो तिसरा श्वास याचाच होता, आणि फाटकही यानेच... तिने तोंड उघडलं होतं विचारायला. त्याने स्टिअरिंग धरल्यासारखा हात करून एक बोट वर उचललं, इथले लोक समोरून गाडी आली की उचलतात तसं, आणि पाठ फिरवली.

विल्फने नंतर कधी विषय काढला नाही, आणि मी त्याचं टपाल पुढे खूप वर्षं टाकलं. मोठ्या दुष्काळात तो एक दिवस आपल्या शेडमध्ये गेला आणि जिवंत बाहेर आला नाही. नव्या मालकाने फाटकं काढून गुरं अडवायच्या लोखंडी जाळ्या रस्त्यात बसवल्या. मर्वचे गुडघे गेले आणि फेरी माझ्याकडे आली. जॉइस शेत विकून समुद्राकडे राहायला गेली, तिथे तिला म्हणे झोप येत नाही, लाटांचा आवाज फार. घरोघर वेगळे फोन आल्यावर बेरिल म्हणाली, "आता कुणी मेलं तर कळायचं कसं?" आणि थोड्याच दिवसांत स्वतःच गेली. रेक्सने दुसरं लग्न केलं. त्या बाईने मला एकदा फोन केला, नाव सांगितलं, आणि विचारलं, "तुमच्या वेळी इस्त्री खरंच चालू राहायची का हो?"

त्या दिवशी परत निघाले तेव्हा चौथं फाटक मघासारखंच बंद होतं. उघडलं, गाडी काढली, लावलं, कडी खिळ्यात घातली. फोड फुटला होता, बोट ओलं झालं होतं, कधी ते कळलंच नाही. गाडीत बसल्यावर वाटलं, एकदा वळून बघावं, लागलंय ना नीट. वाटलं. ते वाटणं शेजारच्या सीटवर तसंच बसू दिलं, आणि बेरिलच्या केकसाठी जॉइसकडे निघाले.