थेउरीची गाडी आणि मास्तरांचा कान

थेउरीनं गाडी घेतली ती मनाला येईल तिकडं मोकळं हिंडता यावं म्हणून. आणि गाडी आल्यापासून न्याहुरुरू गावात त्याला लपून शिंकायचीही सोय राहिली नाही.

गाडी निळी, जपानहून आलेली, तीन मालकांच्या हातून उतरून त्याच्याकडं पोचलेली. टर्बोचं इंजिन, चार सिलिंडर, दोन डावीकडं आणि दोन उजवीकडं आडवे निजलेले. थेउरीनं आधी स्प्रिंगा बदलून ती तीन बोटं खाली आणली. मग हवा ओढायची नळी मोठी केली. मग पाठीला घट्ट धरून ठेवणाऱ्या सीट बसवल्या, ज्यांतून त्याच्या आईला बाहेर काढायला दोन माणसं लागत. आणि शेवटी मागचा सायलेन्सर उतरवून दंडाएवढा जाड पाइप लावला. त्या दिवसापासून गाडी बोलायला लागली. धब-धबक, धब-धबक, असा तिचा आवाज बस स्टँडवरून निघायचा आणि गावाबाहेरच्या धबधब्यापर्यंत जायचा.

थेउरी जनावरांच्या औषधांच्या दुकानाचा व्यवस्थापक होता. एखाद्या शेतकऱ्याचा फोन आला आणि हा कंटाळून म्हणाला, "मी आज न्येरीला आहे हो," की पलीकडून उत्तर यायचं, "असं कसं? आत्ताच तर पेट्रोल पंपावरून वळलात!" रविवारी चर्च चुकवलं तर संध्याकाळी आई म्हणायची, "प्रवचन ऐन रंगात आलं होतं आणि तुझी स्वारी नाकुरूच्या रस्त्याला लागली. पाद्रीबाबासुद्धा क्षणभर थांबले रे." सकाळच्या थंडीत इंजिन गरम करायला तो पाच मिनिटं गाडी जागेवरच चालू ठेवायचा, म्हणून शेजारणीनं गजराचं घड्याळ बहिणीला देऊन टाकलं.

पण गाडीची निगा मात्र त्यानं अशी ठेवली, की तशी स्वतःच्या दातांचीही कधी ठेवली नव्हती. ठरलेल्या किलोमीटरला तेल बदलणार म्हणजे बदलणार. लांबून आल्यावर टर्बो थंड व्हावा म्हणून मिनिटभर इंजिन चालू ठेवून आत बसून राहणार. त्या मिनिटात गावातली चार माणसं काचेशी येऊन गाईच्या हगवणीबद्दल विचारून जायची, ते वेगळं.

या सगळ्यात दोन वर्षं त्याच्या शेजारच्या सीटवर न्याकिओ बसत होती. न्याकिओ पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर. कुठल्या डोंगरावरून कुठल्या गावाला पाइप न्यायचा, हे तिचं काम. ती कधीतरी म्हणायची, "हिला जरा हळू बोलता येत नाही का रे?"

"येतं की. पण मग ती आजारी वाटते."

न्याकिओ हसायची. ते हसणं थेउरीनं संमती म्हणून धरलं. ते तसं नव्हतं, हे त्याला कळायला फार वेळ लागला.

खरी अडचण होती न्याकिओच्या वडिलांची. न्देरितू मास्तर चाळीस वर्षं शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाले होते आणि चर्चचं गायनमंडळ अजून चालवत होते. टेकडीवर त्यांचं घर, आणि घराच्या अंगणात दर शनिवारी तालीम. खालच्या रस्त्यानं निळी गाडी निघाली की मास्तर हात वर करायचे. तीस माणसं गाता गाता थांबायची. गाडी पुलापलीकडं जाईपर्यंत मास्तर डोळे मिटून उभे राहायचे आणि मग म्हणायचे, "गेलं संकट. पहिल्यापासून."

"ती वस्तू माझ्या फाटकाच्या आत येणार नाही," असं त्यांनी लेकीला बजावलं होतं.

त्यामुळं लग्नाचं पहिलं बोलणं करायला थेउरी आपल्या काकांना घेऊन गेला, तेव्हा गाडी पुलाजवळ ठेवून दोघं पायी चढले. थेउरीच्या बुटांना चिखल लागला. काकांना धाप लागली. मास्तरांनी दोघांना बसवलं, चहा आणि उकडलेल्या अळकुड्या पुढं ठेवल्या, आणि काका श्वास जमवून रीतीप्रमाणं बोलायला सुरुवात करणार एवढ्यात स्वतःच विचारलं, "गाडी कुठंय?"

"खाली ठेवली, मास्तर. तुम्हाला आवाजाचा त्रास होतो म्हणून."

"आवाजाचा त्रास मला कधीच झाला नाही. बेसूरपणाचा होतो. चौघं गातात ना रे तिच्यात?"

थेउरीला क्षणभर कळेना. "चार सिलिंडर आहेत, हो."

"तेच ते. चौघं जरा लंगडत गातात. ते असू दे, ती त्यांची चाल आहे, जन्मापासूनची. पण गेल्या मंगळवारपासून त्यातला एक जण गात नाहीये. नुसतं तोंड हलवतोय."

काकांनी कप खाली ठेवला. "मास्तर, आम्ही खरं म्हणजे मुलीबद्दल—"

"मुलगी कुठं पळून चाललीये? आधी हे ऐका. माझ्या मंडळात असले तोंड हलवणारे मी पाठ करून उभा असलो तरी पकडायचो. तुझा तिसरा नाहीतर चौथा बघ."

उतरताना थेउरी धुमसत होता. मुलगी नाकारली असती तर त्यानं समजून घेतलं असतं, पण म्हाताऱ्यानं गाडीला नावं ठेवली होती. "पेटी वाजवणारा माणूस मला इंजिन शिकवतो!" असं तो पुलापर्यंत बडबडत होता. गाडीत बसल्यावर मात्र त्यानं रेडिओ लावला नाही. घरी पोचेपर्यंत कान देऊन ऐकत राहिला, आणि त्याला काहीही वेगळं ऐकू आलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी तो ओबुराकडं गेला.

ओबुरा मिस्त्रीचं गॅरेज बस स्टँडमागं, निलगिरीच्या झाडांखाली. किसुमूकडचा माणूस, अवजड, सावकाश बोलणारा. त्यानं गाडीला संगणक जोडला, पडद्याकडं बघितलं आणि म्हणाला, "यंत्र म्हणतंय सगळं छान आहे. तुला कोण म्हणालं बिघाड आहे?"

"आहे एक जण."

ओबुरानं खांदे उडवले आणि जुन्या रीतीनं सुरू केलं. इंजिन चालू ठेवून सिलिंडरात पेट्रोल फवारणाऱ्या एकेका इंजेक्टरची तार काढायची. पहिल्याची काढली, इंजिन अडखळलं. दुसऱ्याची काढली, अडखळलं. तिसऱ्याची काढली, आणि इंजिनाला जेमतेम कळलं. ओबुरानं तार पुन्हा लावली, पुन्हा काढली. मग इंजेक्टर बाहेर काढून उजेडात धरला. तोंड अर्धं बुजलेलं होतं.

"याला पेट्रोल पुरत नव्हतं," तो म्हणाला. "असाच चढावर दाबत राहिला असतास तर महिन्याभरात पिस्टन वितळला असता. कोण रे तो माणूस? कुठल्या गॅरेजचा?"

"चर्चच्या गायनमंडळाचा."

ओबुरानं इंजेक्टर फडक्यावर ठेवला. "त्याला घेऊन ये," तो म्हणाला. "मी स्टूल देईन बसायला."

मास्तर आले ते "एकदाच हं, तालमीला उशीर होतोय" असं म्हणत. सूर तपासायचा छोटा पोलादी काटा त्यांनी कोटाच्या खिशातून काढला, गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला, आणि इंजिन चालू करायला सांगितलं. मग मान हलवली. "आता चौघंही गातात. पण पाइपच चुकीचा आहे, त्याला ते काय करणार? किंचाळतोय वरच्या पट्टीत."

ओबुराच्या मनात वेगळंच होतं. इंजिनातून निघणाऱ्या चारही नळ्या एका लांबीच्या करायच्या. ताकद थोडी वाढते, आवाज एकसारखा होतो. थेउरीला ताकद हवीच होती. मास्तर स्टुलावरून उठले.

"अजिबात नाही. लंगडी चाल काढलीत तर ती कारकुनासारखी चालेल. तुम्हाला कारकून पाहिजे का?"

दोघांनीही नाही म्हटलं. मास्तरांनी तरुणपणी पोरांना बांबूच्या बासऱ्या कापून दिल्या होत्या. किती लांबी वाढवली की सूर किती उतरतो, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. त्यांनी खडूनं जमिनीवर आखून दिलं, ओबुरानं जोडकाम केलं. तीन शनिवार गेले. तीनही शनिवारी तीस माणसं टेकडीवरच्या अंगणात उभी राहिली आणि शेवटी आपली आपण गाऊन घरी गेली.

नवा पाइप लागला आणि गाडीचा आवाज खाली उतरला, भरदार झाला. किंचाळणं गेलं. फक्त आता तो आधीपेक्षा दोन टेकड्या पुढं ऐकू जाऊ लागला. याबद्दल मास्तरांनी कुणाची माफी मागितली नाही. उलट, "हे ऐकलं पाहिजे लोकांनी," असं म्हणाले.

फाटक उघडलं. एका शनिवारी न्याकिओ कामावरून आली तेव्हा निळी गाडी अंगणाच्या मधोमध जॅकवर उभी होती आणि खालून पायांच्या दोन जोड्या बाहेर आल्या होत्या. एका जोडीत चर्चचे काळे बूट होते.

"बाबा?"

"आलो आलो. जरा तो पाना दे गं. नाही, बारा नंबरचा."

न्याकिओनं पाना दिला. रात्रीचं जेवण झालं. मग थेउरीला फाटकापर्यंत सोडायला आली आणि गाडीच्या दाराला टेकून उभी राहिली.

"दोन वर्षं मी बाबांच्या भरवशावर होते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मला वाटायचं, बाबा कधी हो म्हणणार नाहीत आणि तुला ही गाडी गप्प करावी लागेल. मला सांगायची वेळच येणार नाही. थेउरी, माझं डोकं दुखतं हिच्यात. पहिल्या दिवसापासून दुखतं."

"मग सांगायचं होतंस ना!"

"सांगत होते. तू म्हणायचास ती आजारी वाटते. आता तर तुम्ही दोघं झालात."

थेउरी नेमकं नको तेच बोलला. "पण मास्तर तर आता तयार आहेत लग्नाला."

"मग बाबांशी कर," न्याकिओ म्हणाली.

पुढच्या महिन्यात तिनं बदली मागून घेतली. मिळाली ती लामूला. समुद्रातलं बेट, गल्ल्या एवढ्या अरुंद की समोरून गाढव आलं तर माणसानं भिंतीला चिकटायचं. गाड्या जवळजवळ नाहीतच. तिनं ते मुद्दाम निवडलं होतं का, हे विचारायचं धाडस दोघांपैकी कुणालाही झालं नाही.

दोन महिने थेउरी आणि मास्तर शनिवारी भेटत राहिले. गाडी पूर्वी कधी नव्हती इतकी नीट चालत होती. दोघंही शेजारी बसून ऐकायचे आणि कुणीच खूश नव्हतं. एके दिवशी मास्तर म्हणाले, "समुद्रापर्यंत किती लागतं रे?"

"दोन दिवस."

"मग टायरांची हवा बघ."

लामूसमोर, मोकोवेच्या धक्क्यावर रस्ता संपतो. थेउरीनं गाडी कडुनिंबाच्या सावलीत लावली, मिनिटभर इंजिन चालू ठेवलं, मग बंद केलं. पुढं होडी. मास्तर होडीत दोन्ही हातांनी फळी धरून बसले. आयुष्यात पहिल्यांदा ते कशाचाही आवाज ऐकत नव्हते, फक्त पाण्याकडं बघत होते.

न्याकिओ गावाच्या टोकाला टाकीच्या बांधकामावर होती. डोक्यावर पिवळी टोपी, हातात नकाशा. दोन गवंड्यांशी ती कशावरून तरी भांडत होती आणि भांडता भांडता हसत होती. थेउरी वीस पावलांवर थांबला. तो येतोय हे कळल्याशिवाय आजवर त्याला कुणी भेटलंच नव्हतं. न्याकिओ नेहमी फाटकात तयार उभी असायची, चेहरा नीट करून. हा चेहरा त्यानं पाहिला नव्हता. त्याला पुढं जावंसं वाटेना. आपण गेलो की तो चेहरा जाईल, अशी धास्ती वाटली.

तिनंच वळून पाहिलं. "तुम्ही दोघं? कसे आलात?"

"गाडीनं."

ती ऐकत राहिली. "कुठंय?"

"पाण्यापलीकडं."

"काही ऐकू नाही आलं," ती म्हणाली, आणि असं म्हणाली की थेउरीला घर सोडल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं.

मास्तर नातवाच्या वयाच्या गवंड्याशी हवापाण्याचं बोलायला मुद्दाम लांब गेले. न्याकिओनं विचारलं, "विकणार आहेस का तिला?"

थेउरीनं दोन दिवस याचं उत्तर पाठ केलं होतं. ते आलं नाही. "नाही," तो म्हणाला.

"बरं झालं. विकतो म्हणाला असतास तर पुढच्या होडीनं परत पाठवलं असतं." तिनं नकाशाची गुंडाळी केली. "इथं गाढवं फार आहेत. औषधाचं दुकान एकच, तेही अर्धा दिवस उघडं. चालून बघ जरा गावात. मग बोलू."

तो चार दिवस चालला. सहा महिन्यांनी लग्न झालं, आणि थेउरी लामूत गाढवांच्या खुरांचं मलम विकू लागला. गाडी मास्तरांच्या अंगणात राहिली. उभी राहून गाडी बिघडते, हे मास्तरांना पटलेलं होतं. म्हणून वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्यांनी शिकाऊ परवाना काढला. गायनमंडळाला "वेळ होत नाही" असं पत्र लिहून दिलं. पहिल्या परीक्षेत ते नापास झाले, कारण गिअर बदलताना डोळे मिटून घ्यायचे. दुसऱ्या परीक्षेत डोळे उघडे ठेवून पास झाले.

आणि पहिल्याच रविवारी वाहतूक पोलिसानं त्यांना नाकुरूच्या रस्त्यावर अडवलं. तशा गाड्या त्यानं पुष्कळ अडवल्या होत्या, पण इतक्या हळू चालवण्याबद्दल ही पहिलीच. दुसऱ्या गिअरात, बैलगाडीपेक्षा जरा बऱ्या वेगानं, आणि मागं दूधवाल्या ट्रकांची रांग.

"तो म्हणाला, आजोबा, ही पळायची गाडी आहे," मास्तर फोनवर संतापून सांगत होते. "मी म्हटलं, बाळा, तुला गाण्यातलं काय कळतं?"

थेउरी दुकानाच्या पायरीवर बसून ऐकत होता. एक गाढव त्याची बाही चावत होतं.

"मास्तर, दुसऱ्या गिअरात किती वेळ होतात? तेल तापलं नाही ना?"

आतून न्याकिओ ओरडली, "अरे, आधी बाबा कसे आहेत ते विचार!"