चपलेमागचा लाल दिवा

मी एक जुना लाल दिवा आहे. सायकलच्या पाठीला लावतात ना, तो. सध्या भिवंडीजवळच्या कोन गावातल्या एका पडवीत खिळ्याला टांगलेला आहे आणि शेजारच्या खिळ्यावर एक फाटकी चप्पल आहे. तिचा वास अजून येतो. मित्रांनो, माझी गोष्ट म्हणजे बरीचशी त्या चपलेची आणि मला आलेल्या किळसेची गोष्ट आहे.

जन्म कुठे झाला ते आठवत नाही. आठवते ती भिवंडीतली जब्बारभाईंची सायकलची टपरी. बाजूला माग खडखडत, हवेत कापसाचे तंतू उडत, आणि मी खोक्यात नव्या कुंकवासारखा लाल. माग चालवणाऱ्या हिरामणने मला घेतले. पाळी सुटली की त्याला अंधारून आल्यावर कल्याण रस्त्याने घरी जायचे असे, आणि त्या रस्त्यावर ट्रक मागून अंगावर येत. चाक फिरले की डायनामो फिरे, डायनामो फिरला की मी पेटे.

"किधर लगाऊं?" जब्बारभाईंनी विचारले.

"लाव कुठंबी. मला थोडाच दिसणार हाय?"

तिथेच माझे नशीब ठरले. ज्याच्यासाठी जळायचे, त्याची माझ्याकडे कायम पाठ.

आधी मला सीटखाली लावले. वरून हिरामणचा घामट सदरा लोंबे. मागे कॅरियरवर डब्याची पिशवी, तिच्यातून बोंबलाच्या कालवणाचा ओघळ. मी जीव तोडून जळे आणि उजेड सगळा पिशवीच्या पोटात जाई. मग मला मडगार्डच्या टोकाला, अगदी खाली नेले. तिथे चिखल, शेण आणि हिरामणचे पान. तो चालत्या सायकलवरून थुंके आणि वारा ती पिंक इमानाने माझ्यावर आणून सोडी. मी लाल दिसे खरा, पण उजेडाने नव्हे. शी! आजही आठवले की काच शहारते.

अखेर जब्बारभाईच वैतागले. "अरे, गंदगी में बत्ती जलाता है क्या?" म्हणत त्यांनी मला कॅरियरच्या मागच्या कडेला, मधोमध, ताठ बसवले. वर काही नाही, आड काही नाही. मागचा रस्ता माझ्याकडे बघे, मी रस्त्याकडे बघे. मला वाटले, सुटलो.

तेवढ्यात शेजारच्या राघोच्या सायकलला ट्रकने उडवले. त्याचा पाय मोडला. हिरामणची आई धोंडूबाई धसकली. एकुलता एक लेक. तिने काळ्या दोऱ्यात लिंबू-मिरच्या ओवल्या, खाली एक जुनी चप्पल बांधली आणि लेकाला नजर लागू नये म्हणून ते सगळे कॅरियरला टांगले. नेमके माझ्या तोंडावर.

मित्रांनो, लिंबू सडले की त्याचे पाणी कसे ठिबकते ते तुम्हाला कसे सांगू? आणि चपलेचा तळवा! साऱ्या गोठ्याचा इतिहास त्याला चिकटलेला. मी जळत होतो आणि त्या घाणीला ऊब देत होतो.

धोंडूबाई कोनच्या नाक्यावर भाजी घेऊन बसे. एका संध्याकाळी हिरामण तिच्यासमोरून गावाकडे वळला. मागून टेम्पो आला. ब्रेक किंचाळले, सायकल खड्ड्यात गेली. हिरामणचे कोपर सोलले, बाकी वाचला. धोंडूबाई भाजी टाकून धावली.

टेम्पोवाला खाली उतरला. "बत्ती क्यों नहीं लगाते, भाई?"

"हाय की बत्ती," धोंडूबाई म्हणाली. "नजरेची चप्पल बी हाय."

"माई, मुझे तो सिर्फ अंधेरा दिखा."

ती मागे आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "हिरामण, चाक फिरव रं."

त्याने सायकल उचलून चाक फिरवले. तिने बोटाने चप्पल वर केली, तिचा तळहात लाल झाला. चप्पल सोडली, अंधार. पुन्हा वर केली.

"मीच झाकलं व्हतं रं त्याला," ती हळूच म्हणाली.

"फेंक दो माई, वो जूता," टेम्पोवाला म्हणाला.

"फेकू कशी? नजर काय तुझ्या बापाच्या ओळखीची हाय?"

तिने चप्पल सोडवून पुढे हँडलला बांधली. मग पदराने मला पुसले. "म्होरची नजर तिनं बघावी, मागचा टेम्पो तू बघ."

मायेचा हात मला तेव्हा पहिल्यांदा लागला. तिच्या पदराला भाजीचा ओला वास होता, आणि त्याची मात्र किळस आली नाही.

पुढे हिरामण रातपाळीला निघाला की ती सायकलमागे कुंपणापर्यंत चाले, मी दिसलो की थांबे. परतताना गुणगुणे:

*लेक माझा गं निघाला, पाठी कुंकवाचा टिळा*
*मागल्या गं गाडीवाल्या, डोळे उघडून पळा*

आता सायकल भंगारात गेली, दारात हिरामणची स्कूटर आली. तिच्या मागच्या दिव्यावर कापडाचा गठ्ठा लोंबतो, गठ्ठ्याला नव्या लिंबू-मिरच्या. भिंतीवरून बघून माझा जीव मळमळतो.

मित्रांनो, दिवा विकत घेणे पुरेसे नाही. त्याच्या तोंडावर तुमची पिशवी, तुमची पिंक, तुमची भीती टांगू नका. निघण्याआधी एकदा मागे जाऊन उभे राहा.

धोंडूबाईला आता दिसत नाही. तरी स्कूटर सुरू झाली की ती भिंत चाचपत पडवीच्या कडेला येते आणि विचारते, "लाल दिसतंय का रं?"

मी तर विझलेला आहे. तिला उत्तर द्यायला, मित्रांनो, मागे कुणीतरी हवे.