शंकासुर गप्प झाले तेव्हा

चष्म्यांच्या दुकानात सुट्टीच्या दुपारी अर्धं शटर ओढून स्वतः लिहिलेल्या भुताखेतांच्या गोष्टी एकमेकांना वाचून दाखवणारं एक टोळकं जमायचं. त्यातले निवृत्त कंपाउंडर म्हणजे ‘शंकासुर’. प्रेताला जांभई कशी येईल, कुलूपबंद तळघरात मेणबत्ती कोणी लावली, असलं काहीबाही विचारून ते भल्याभल्या गोष्टींतली हवा काढून घेत. सगळे त्यांच्यावर वैतागत आणि मनातून सगळे त्यांच्यासाठीच वाचत.

त्यांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या काकू, वारल्या आणि शंकासुरांची वाचाच बसली. दुकानात येईनात, फोन उचलेनात. सून सांगायची, “दिवसभर भिंतीकडे बघत बसतात हो.” दुकानवाली कासावीस झाली. त्यांनी टोचून टोचून तिला लिहितं केलं होतं. बापापेक्षा तिला त्यांचाच धाक जास्त.

शेवटी तिने शक्कल लढवली. ढळढळीत चूक असलेली गोष्ट लिहायची, म्हणजे शंकासुर काका तोंड उघडणारच! तिच्या गोष्टीत हात तोडून पुरलेली बाई रात्री येऊन दार ठोठावत होती. “यावर ते गप्प बसले तर नाव बदलीन,” असं टोळक्याला बजावून ती कागद घेऊन त्यांच्या घरी गेली.

काका पलंगावर बसून होते. ती वाचू लागली. बाईने दार ठोठावलं, तरी काका ढिम्म. तिचा आवाज पडला. पुढची ओळ दिसली आणि ती वाचता वाचता थांबली. दारातली बाई घरधन्याची मेलेली बायको होती. हातांच्या नादात आपण हे कुणापुढे वाचणार आहोत, याचं भानच तिला राहिलं नव्हतं. कुठे तोंड लपवू असं तिला झालं.

“थांबलीस का? वाच,” काका म्हणाले.

तिने चाचरत वाचलं, “बायकोला पाहताच तो किंकाळी फोडून पळत सुटला.”

“चूक.”

“हातांचं ना, काका? ते मी मुद्दामच...”

“हात गेले खड्ड्यात! पळेल कशाला तो? बायको आलीये त्याची!” काकांचे डोळे घळघळा वाहू लागले. “दार उघडेल. आत घेईल. इतका उशीर का केलास, म्हणून भांडेल तिच्याशी.”

तिलाही रडू आवरेना. तिने कागद त्यांच्या हातात कोंबला. “मग तुम्हीच लिहा. मला नाही जमायचं.”

काकांनी नाक पुसलं, उशीखालचा चष्मा चढवला आणि शेवटची ओळ खोडून टाकली.

“येत्या सुट्टीला मीच वाचीन,” ते म्हणाले. “आणि सगळ्यांना सांगून ठेव, मध्ये कुणी शंका काढायची नाही.”