भिंतीतून खोक्यात

मित्रांनो, मी एक जुनी, हाताने लिहिलेली वही आहे. केंब्रिजमधल्या एका ग्रंथालयात, करड्या खोक्यात, मी बंद असते.

चारशे वर्षांपूर्वी स्पेनमधल्या एका खेड्यात माझा जन्म झाला. राज्य ख्रिस्ती राजाचे. मुसलमानांना आपला धर्म पाळायला, अरबी लिहायला बंदी होती. खोगिरे शिवणाऱ्या युसेने मला लपूनछपून लिहिले. त्याची मुलगी मरी स्पॅनिशच बोलायची, अरबी तिला कळत नसे. म्हणून त्याने भाषा स्पॅनिश घेतली आणि अक्षरे मात्र आपल्या धर्माची, अरबी; तेवढी तिला येत. माझ्यात दुआ आहेत, एक गोष्टही आहे. तिच्यातला अरबस्तानचा वीर स्पॅनिश सरदाराचे चिलखत घालतो आणि युसेच्या गावच्या नदीवर घोड्याला पाणी पाजतो.

मरीला दाखवण्याआधीच घराची झडती येणार असे कळले, तेव्हा युसेने मला भिंतीत ठेवून वर चुना लिंपला. पुढे युसेसारख्या सगळ्यांना देशाबाहेर घालवले. मला न्यायला कोणी आले नाही. तीनशे वर्षे अंधार. घर पाडताना मी सापडले, विकले गेले, इंग्लंडात आले. वाटले, सुटले! पण खोक्यावर चिठ्ठी लागली : 'अरबी. अर्थ लागत नाही.'

गेल्या हिवाळ्यात ठरले, अशी खोकी शहराबाहेरच्या गोदामात कायमची हलवायची. यादी करायला दोघी आल्या. ब्रॅडफर्डच्या अनीसाला अरबी येत होते आणि पुण्याच्या शाल्मलीला स्पॅनिश.

"अक्षरं वाचता येतायत," अनीसा म्हणाली, "पण हे अरबी नाहीच. टोटली नॉन्सेन्स!"

"मोठ्यानं वाच ना."

अनीसा अडखळत वाचू लागली. "मी फिजा..."

"थांब! परत वाच. 'मी फिजा' म्हणजे 'माझी लेक', जुन्या स्पॅनिशमध्ये. अगं, माझी आई मेसेज इंग्लिश अक्षरांत टाकते, पण असतं मराठीच. तसंच आहे हे!"

मग अनीसा वाचत गेली आणि शाल्मली अर्थ सांगत गेली : "माझ्या लेकी, हे मोठ्यानं वाचू नकोस. भिंतींना कान आहेत."

अनीसाचा आवाज आपोआप खाली आला.

माझे गोदामात जाणे टळले. चिठ्ठी बदलली. खोके मात्र तेच आहे, आणि झाकण लागले की अजून जीव गुदमरतो.

मित्रांनो, तुमच्या घरी न कळणाऱ्या लिपीतला एखादा कागद असेल, तर तो रद्दीत टाकू नका. ज्याला अक्षरे कळतात त्याला वाचायला सांगा, ज्याला भाषा कळते त्याला जवळ बसवा. माझ्या मरीने मला एकदाही उघडले नाही. तिला कोणी सांगितलेच नव्हते, की मी तिची आहे.