खाली टीप, वर हॅलो

विजेच्या वायरीतून इंटरनेट जातं असं माझा मुलगा मला सांगायला लागला, तेव्हा मी म्हटलं, बाबा रे, मी शिंपी असलो तरी खुळा नाही. पण जातं म्हणे. साबणाच्या वडीएवढी दोन पांढरी खोकी असतात. एक खाली राउटरपाशी प्लगात खुपसायचं, दुसरं वरच्या खोलीत. मधला प्रवास घरातल्या वायरींतून. आमच्या भिंती दगडी आहेत, वायफाय जिन्याच्या पहिल्या पायरीवरच मान टाकतो, म्हणून हा सगळा खटाटोप.

वर बसून काम करते माझी सून. दुभाषी आहे ती, इस्पितळांसाठी. डॉक्टर एका भाषेत बोलतो, पेशंटला कळते दुसरी, मग ही कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोघांच्या मध्ये बसून इकडचं तिकडे करते. चांगल्या अर्थानं. काम मोठं नाजूक. "ही गोळी रोज घ्यायची, पण" एवढं सांगून झालं आणि नेट गेलं, तर त्या "पण"च्या पुढचं पेशंटनं कुणाला विचारायचं? आमचं नेट नेमकं तिथंच जायचं. तक्रारी झाल्या. कंपनीनं तिला बजावलं, महिनाअखेरपर्यंत नेट सुधारा, नाहीतर हेड ऑफिसात येऊन बसा. हेड ऑफिस दुसऱ्या शहरात. म्हणजे सून जाणार, तिच्यामागून मुलगा जाणार, आणि या घरात उरणार मी. दोघांनी तिकडे भाड्याची घरं बघायलाही सुरुवात केली होती. माझ्यासमोर कुणी विषय काढत नसे, पण मी काही बहिरा नाही. मनातली धास्ती लपवायला मी दिवसभर कुणावर ना कुणावर डाफरत होतो. दुसरं येतंय काय मला.

आता माझ्या मशीनचं सांगतो. जन्मभर पायानं मशीन मारून लोकांचे कपडे शिवले. मग बायको गेली, पाठोपाठ गुडघे गेले, दुकानही बंद केलं. नंतर कित्येक दिवस मी खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत असे. एक दिवस सुनेनं मला न विचारता मशीनला मोटार बसवून आणली. पायाखालचं पेडल नुसतं दाबायचं, गुडघ्यांना काही काम नाही. मी आरडाओरडा केला, की मोटारीनं मारलेली टीप ही काय टीप आहे? पण थोड्याच दिवसांत निम्म्या गल्लीच्या पॅंटी माझ्या टेबलावर येऊन पडल्या. तेव्हापासून रोज सकाळी चहा देताना ती विचारते, आज काय शिवताय, बाबा? पोटच्या पोरानं कधी विचारलं नाही. कॉलर, काज, बटणं असं काही म्हटलं की ती खूश. पडदे म्हटलं की जरा गप्प होते. मला वाटायचं, पोरीला बारीक कामाची पारख आहे.

तर नेट. आमचे चिरंजीव बस कंपनीत वेळापत्रकं लावतात, त्यामुळे न येणाऱ्या गोष्टीची वाट बघण्यात तयार. त्यांनी आधी खालचं खोकं एक्स्टेन्शन बोर्डातून काढून थेट भिंतीतल्या प्लगात घातलं, कारण बोर्डात ते नीट चालत नाही म्हणे. चाललं नाही. मग फ्रिजवर संशय आला, फ्रिज दुसऱ्या भिंतीला गेला. मग मोबाइलचे चार्जर उपटले. मग माझ्या इस्त्रीवर खापर फुटलं आणि मी गिऱ्हाइकांना चुरगळलेल्या पॅंटी दिल्या. मग दोन्ही खोक्यांवरची बटणं दाबून त्यांची पुन्हा जोडी जमवून झाली, शेवटी खोकीच नवी आणली. एकदा जेवताना तो म्हणाला होता, बाबांच्या मशीनमुळे तर होत नसेल? सून लगेच म्हणाली, छे, उलट मशीन चालू असतं तेव्हाच जरा बरं चालतं. विषय मिटला.

गंमत अशी की मुलगा सुट्टीच्या दिवशी (सुट्टी मीही पाळतो) तपासायला बसला की नेट कसं अगदी सुरळीत. नेट कंपनीचा माणूस आला, तेव्हाही तेच. मी मशीनवरून उठलो होतो. घरात परका माणूस कामाला आलेला असताना आपण खडखड करत बसायचं, ही काय रीत झाली? त्याला खुर्ची दिली, चहा दिला, गप्पा मारल्या. त्यानं खाली बघितलं, वर बघितलं, सगळं उत्तम आहे म्हणाला, वहिनींचा कॉम्प्युटरच जुना झाला असेल. त्याला दारापर्यंत पोचवून मी मशीनवर बसलो. पहिली टीप संपवून पाय उचलतोय तोच वरून आलं, "हॅलो? हॅलो, ऐकू येतंय का?"

मग मी ठरवलं, हा चोर आता मीच पकडतो. खोक्यावरचा दिवा हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे बोंब, एवढं मुलानं मला शिकवलं होतं. वर गेलो, कॅमेऱ्यात दिसणार नाही असं स्टूल मांडलं आणि दुपारभर त्या खोक्यावर डोळे रोखून बसलो. दिवा हिरवाच्या हिरवा. सुनेचं काम कसं झरझर चाललं होतं. मी छाती काढून खाली आलो. आपण नजर ठेवली की कुणाची हिंमत आहे? शाळेच्या हॉलचे पडदे शिवायला आले होते, ते घेतले. पडद्याची टीप लांबलचक. ती संपवून पाय उचलला आणि वरून पुन्हा हॅलो, हॅलो.

माझं डोकंच फिरलं. आता शिंप्याची एक सवय असते. पाय पेडलवर असेपर्यंत डोळे सुईवर. आमच्या मास्तरांनी ते कानाखाली वाजवून शिकवलं होतं. पण त्या दिवशी रागाच्या भरात मी पाय दाबलेला असतानाच मान वळवून खालच्या खोक्याकडे बघितलं. दिवा लाल. नीट बघावा म्हणून पाय उचलला. हिरवा. पुन्हा पाय दाबला, लाल. उचलला, हिरवा. समोर बघतो तर पडद्यावरची टीप दारू प्यायल्यासारखी भलतीकडे गेलेली.

मग मशीनचा प्लग काढला आणि गुडघे धरत जिना चढलो. सून नुकतंच एक काम संपवून पाणी पीत होती. मी म्हटलं, चोर सापडला, मीच आहे. मला वाटलं दचकेल, हसेल, काहीतरी बोलेल. ती जमिनीकडे बघायला लागली. तेव्हा कुठं पाणी मुरतंय ते माझ्या ध्यानात आलं. कॉलरच्या टिपा आखूड, नेट जातं न जातं तोच परत येतं. पडद्याच्या टिपा लांब. रोज चहाबरोबर ती मला विचारत होती, ते कोणते अवघड पेशंट कधी घ्यायचे हे ठरवायला.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

ती हो म्हणाली.

मी चिडलो, आणि खरंच चिडलो. म्हटलं, नोकरी टांगणीला लावलीस, नवऱ्याशी खोटं बोललीस, घर सोडून जायला निघालीस, पण सासऱ्याला एका शब्दानं सांगितलं नाहीस की ती खडखड जरा बंद करा? मी काय या घरात पाहुणा आहे? तिनं हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाली,

"बाबा, तुम्ही परत त्या भिंतीकडे बघत बसला असतात. ते बघत मला इथं राहायचं नव्हतं."

माझे डोळे भरून आले. ही पोर माझं शिवणं चालू राहावं म्हणून माझ्यापासून दूर जायला निघाली होती, आणि मला वाटत होतं की ती माझ्या तोंडाळपणाला कंटाळली.

"अगं, पण तुम्ही गेल्यावर मी कुणासाठी शिवणार होतो?" मी म्हटलं. "गल्लीतल्या पॅंटींसाठी?"

ती रडता रडता हसली. मी विचारलं, स्वतःच्या बापानं असं केलं असतं तर काय केलं असतंस? ओरडले असते, म्हणाली. मग माझ्यावर ओरडायला अडलंय कुठं, मी म्हटलं.

संध्याकाळी मुलानं सगळं ऐकून कपाळाला हात लावला. मोटारीमुळे वायरींत गोंगाट होतो आणि त्यात इंटरनेटचं बोलणं हरवतं, असं त्यानं समजावलं. उपाय काय, तर राउटरपासून वरपर्यंत सरळ वेगळी केबल टाकायची. दगडी भिंतीला भोक पाडणारा माणूस पुढच्या आठवड्यात मोकळा होता. त्याला सांगून ठेवलं. तिकडच्या घरमालकाला फोन मात्र मी माझ्यासमोर, तिथल्या तिथं करायला लावला. घर नको, म्हणून सांग. सुनेनंही ऑफिसला कळवलं की आठवड्याभरात पक्की केबल येतेय. बरं, म्हणाले ते, तोवर मात्र तक्रार नको. आता तोवर माझं काय? मी म्हटलं, शिवणार नाही. सून म्हणाली, शाळेचे पडदे राहिलेत, शिवायचंच. शेवटी असं ठरलं, की पेशंट आला की तिनं वरून ओरडायचं आणि मी पाय उचलायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून कान वर लावून शिवत होतो. ओरडणं नाही. एक टीप संपली आणि वरून पुन्हा तेच, हॅलो, हॅलो. एवढं सगळं झाल्यावरही बाईसाहेबांची सासऱ्यापुढे जीभ रेटेना. मी जिन्याशी गेलो आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, की ओरडणार नसलीस तर आत्ता मोटार काढून रस्त्यावर ठेवतो.

दुपारी समोरचा चष्मेवाला पॅंट आखूड करून घ्यायला आला होता. तो बसलेला, माझी पडद्याची टीप अर्ध्यावर, आणि वरून असा आवाज आला की चष्मेवाला खुर्चीतून उठलाच.

"बाबा! पाय उचला!"

मी उचलला. पार हवेत धरला. घर एकदम शांत झालं आणि त्या शांततेत वरून माझ्या सुनेचा आवाज यायला लागला. इतक्या दिवसांत मशीनवर बसून मी तिचं फक्त हॅलो ऐकलं होतं. आज पहिल्यांदा तिथं तिचं आख्खं वाक्य ऐकलं. कुणा आजीबाईंना ती सांगत होती, "आजी, डॉक्टर म्हणतायत, आता काही धोका नाही. उद्या घरी जायचं तुम्ही. घरून कोण येणार आहे न्यायला?" पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे, ती हसली, आणि आजीबाईंचं म्हणणं डॉक्टरांच्या भाषेत सांगायला लागली. एक शब्द तुटला नाही.

चष्मेवाला माझ्या वर धरलेल्या पायाकडे बघत होता. सूनबाई तुमच्यावर ओरडल्या की काय, असं त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

"ओरडली," मी म्हटलं. डोळे पुसायला हाताशी शाळेचा पडदा होता, त्यालाच पुसले.