सव्वाआठपर्यंतचा अंधार

चष्मेवाली किती खोडकर आहे, हे अख्ख्या बंदराला माहीत होतं. दुकानातल्या डोळे तपासायच्या तक्त्यावर अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत तिने लिहून ठेवलं होतं, ‘हे वाचता येत असेल तर उठा, घरी जा.’ लोक उठायचेही. त्यामुळे तिच्या धाकट्या दिराने, म्हणजे बोटीच्या कप्तानाने, दुपारी चष्म्याची सैल काडी आवळायला दिली ती जरा बिचकतच.

साडेसहाला तो चष्मा न्यायला आला, तर फ्रेम एकीकडे, काडी दुसरीकडे आणि बाई टेबलाखाली. स्क्रू सापडत नाही म्हणे, केसाएवढा तर असतो, गेला कुठेतरी घरंगळत. कप्तान स्टुलावर बसला. बोट सातला सुटायची होती आणि चष्म्याशिवाय त्याला होकायंत्र आणि ताटली सारखीच.

स्क्रू तिच्या अंगठ्याच्या नखाखाली होता. तिला बोटीला उशीर करायचा होता.

नवरा त्याच बोटीवर दिवेवाला. भर समुद्रात साठ दिवे पेटवायचे, उजेडाला भुलून मासळी गोळा होते, मग जाळं ओढायचं. पण चांदणं पडलं की सगळा समुद्रच उजळतो, मग दिव्यांना कोण विचारतो? म्हणून पौर्णिमा जवळ आली की बोट धक्क्याला, आणि सरली की पुन्हा पाण्यात. एकोणीस वर्षं तिला नवरा मिळाला तो चांदण्यातच. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस बाई. तिला मात्र वेड आकाशाचं, आणि भर चांदण्यात आकाशात उरतं काय? पाच-पन्नास दांडगे तारे. बाकीच्यांना चंद्र गिळून बसलेला. काळोख्या रात्री ती एकटीच गच्चीवर दुर्बीण लावायची, देवयानी दीर्घिका शोधायची, सापडली की कोपर मारायला शेजारी कोणी नसायचं. नवरा आला की सगळं सांगायची. तो पहिले दोन दिवस नुसता झोपायचा आणि नंतर म्हणायचा, हो का. त्याचा तरी काय दोष. सगळ्यात काळं आकाश त्याच्याच डोक्यावर, पण मधे साठ दिवे.

आज पौर्णिमेनंतरचा तिसरा दिवस. सव्वासातला पुरता अंधार, साडेआठला चंद्र. मधे सव्वा तासाची फट. आणि नेमकी बोट सातला.

“वहिनी, बाहेर ये,” कप्तान म्हणाला.

ती टेबलाखालून निघाली, तर स्वारीच्या नाकावर दुसरा चष्मा. बोटीवर जाणारा माणूस एकाच चष्म्यावर थोडाच राहतो!

“किती वेळ पाहिजे ते सांग.”

एरवी तिच्या जिभेवर उत्तर तयार असायचं. आज तिने खाली मान घालून स्क्रू ट्रेमध्ये ठेवला. “साडेआठपर्यंत.”

“सव्वाआठ. त्यापुढे एक मिनिट नाही.”

नवरा धक्क्यावरून आला तो डोळे चोळतच. सगळे दिवे पेटवून तपासले होते त्याने. तिने कपाळावर हात मारला. असल्या उजेडातून आलेल्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास तरी लागतो. तिने त्याला गच्चीवर नेलं, सतरंजीवर बसवलं आणि डोळ्यांवर टॉवेल बांधला.

“आंधळी कोशिंबीर का या वयात?” तो म्हणाला.

ती शेजारी बसली. त्याला ती बघायला मिळायची महिन्यातून सहाच दिवस, आणि त्यातला हा अर्धा तास तिने त्याचे डोळे झाकण्यात घालवला. त्याने चाचपून तिचा हात धरला. बोटांना डिझेलचा वास. दुसऱ्या कुठल्या दिवशी तिने त्यावरून चार टोमणे मारले असते. दिसणार काय, असं त्याने विचारलं. एक पुसट डाग, भिंतीवर ओलं बोट टेकवल्यासारखा, तिने सांगितलं. एवढ्यासाठी बोट अडवलीस? तो हसला. तिला हसू आलं नाही.

पावणेआठ वाजून गेल्यावर तिने टॉवेल सोडला. तो दुर्बिणीला डोळा लावून बसला. काही नाही म्हणाला. सरळ रोखून बघू नकोस, तिने समजावलं, जरा बाजूला बघ, पुसट गोष्टी डोळ्यांच्या कोपऱ्यातूनच दिसतात. त्याने नजर जरा सरकवली. तिला धास्ती एकच, हा प्रेमळ माणूस आता खोटं बोलेल. ‘वा, काय सुंदर’ म्हणेल आणि संपलं.

“मधे जरा दाट आहे,” तो हळूच म्हणाला. “कडेने विरत गेलाय. कुठे संपतो तेच कळत नाही गं.”

हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं.

बोटीचा भोंगा झाला. त्याने डोळा हलवला नाही, तिनेही उठवलं नाही. तिची बघायची पाळी राहिली ती राहिलीच. मग पूर्वेला छपरांच्या वर उजेड धरायला लागला आणि तो म्हणाला, “पातळ होतोय.” थोड्या वेळाने, “दिसत नाहीये आता.”

दुसऱ्या भोंग्याला तो जिना उतरला. बोट खाडीबाहेर पडेपर्यंत ती कठड्याशी उभी होती. उद्या चंद्र आणखी पाऊण तासाने उशिरा येणार, परवा त्याहून उशिरा. पुढचे पंधरा दिवस अंधारच अंधार. तिने दुर्बिणीला झाकण लावलं आणि खाली न जाता सतरंजीवर बसली, त्याची जागा सोडून.