हात वर, मग पुढे

थापा मारण्यात माझा हात धरील असा माणूस अजून जन्माला यायचाय. माशीच्या पाठीवर बसून समुद्र ओलांडलेला माणूस मी! म्हणूनच नातीच्या उपचारात मलाही काम मिळालं.

नात तीन वर्षांची. जन्मापासून डावा हात लुळा. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "मेंदू कोवळा आहे तोवरच काय ते होईल. रोज खेळताखेळता पंधरा मिनिटं हा हात वापरायला लावा."

पंधरा मिनिटं आम्ही ऐकलीच नाहीत, 'तोवरच' तेवढं ऐकलं. दूध हवंय? डावा हात वर. बाहुली? हात वर. कडेवर घेऊ? आधी हात वर. सून भिंतीवरच्या तक्त्यात फुल्या मारायची. मी गोष्टीतली माशी ऐन समुद्रावर थांबवायचो.

"आजोबा, पुढे?"

"हात वर, मग पुढे."

पोर दातओठ खाऊन हात उचलायची. सून हसायची, "मामंजी, तुमच्या थापा एकदाच्या कामाला आल्या!" आणि हात सुधारतही होता हो.

परवा दुपारी ती स्टुलावरून पडली. कपाळ फुटलं, रक्ताची धार लागली. सून हातातलं पातेलं टाकून धावली. पोर रडली नाही. उजव्या हाताने तिने डावा हात धरून वर उचलला, तसाच ठेवला आणि म्हणाली, "आई, केला वर. आता घे ना."

सूनही तिच्याजवळ जमिनीवर बसली. तिला पोटाशी धरून अशी रडली, की मलाच दोघींना उठवून दवाखान्यात न्यावं लागलं.

बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी पंधराच मिनिटं सांगितली होती... पण बाकीचा दिवस तिचा कसा जातो, हे कधी विचारलं नाही. हातच बघत राहिले."

तक्ता सुनेने फाडून टाकला. काल मी नातीला उचलून मांडीवर घेतलं.

"आजोबा, हात दुखतोय. आज नुसतं बसू?"

"बस की गं, राणी. हवं तेवढं बस."

"गोष्ट नको. चालेल?"

"चालेल."

बसली. पण अंग चोरून, परक्याच्या मांडीवर बसावं तशी. आणि मी कधी काय मागतो, म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.